डिझेलमध्ये पाणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. परळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझी हयात गेली. मानेला टवका उडाला तशी मला टाकाऊच्या डब्यात फेकलं. तिथून उचललं ते त्याच कॉलेजात शिकणाऱ्या करी रोडच्या आकांक्षाने. कशासाठी, ते ऐका.

तिच्या चाळीत गणपतीच्या रोषणाईचा जनरेटर नेमका तिच्याच खिडकीखाली असतो. तिचे बाबा लवू जुने गिरणी कामगार, कापसाची धूळ छातीत घेऊन बसलेले. त्या धुराने ते खोकून खोकून अर्धे होतात. तो धूर कमी करायचा, एवढाच पोरीचा हट्ट.

उपाय काय, तर डिझेलमध्ये पाणी! आता ही दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. म्हणून तिने साबणाच्या जातीची दोन द्रव्यं आणली, एक पाण्याच्या ओढीचं, दुसरं तेलाच्या. एकेकट्याला काही जमेना. माझ्या पोटात नुसतं दुधाळ व्हायचं आणि थोड्या वेळाने पाणी तळाशी बसायचं. मग दोन्ही एकत्र केली, मध्ये थोडं अल्कोहोल घुसवलं, तेव्हा कुठे पाण्याचे थेंब इतके बारीक झाले की दिसेनात. मी आरपार स्वच्छ! पावसाळा सरत आला तरी थर वेगळे झाले नाहीत. जळताना या पाण्याची वाफ होते, ज्वाळेचा ताप उतरतो आणि काजळी कमी धरते.

मंडळाचा सेक्रेटरी हितेंद्र हा तिचा चुलतभाऊ. तिने कॅनभर मिश्रण बनवलं आणि त्याने ते जनरेटरमध्ये घालून बघू दिलं. धूर खरंच कमी झाला. त्या दुपारी लवू न खोकता झोपले. हितेंद्रने खूश होऊन विचारलं, यात घातलंस तरी काय? ही वेडी खरं बोलून गेली.

"पाणी."

झालं! आमच्याकडे डिझेलमध्ये पाणी म्हणजे भेसळ, दुसरा अर्थच नाही. त्यात संध्याकाळी आरतीला एक वायर जळाली आणि जनरेटर बंद पडला. वायरमनने जळकी वायर दाखवली, पण बघतो कोण? लवूच्या पोरीने बाप्पाच्या कामात भेसळ केली, असा चाळभर बोभाटा झाला.

तिने मला दारोदार दाखवलं, बघा, पाणी वेगळं झालेलं नाही. लोक म्हणाले, पाणी दिसतसुद्धा नाही म्हणजे चोरी किती पक्की! कपाळ माझं, दुसरं काय?

लोकांचं सोडा हो. पण लवूंनी मला तिच्या हातातून ओढलं.

"आमच्या घरात आजपर्यंत कोणी भेसळ करूक नाय," असं म्हणून त्यांनी मला गटारात उपडं केलं. हे तुमच्यासाठीच होतं, एवढं तिच्या तोंडून निघेपर्यंत मी रिकामी झाले होते.

मित्रांनो, राग आला तर खुशाल फोडा मला. पण ओतून देण्याआधी, ज्याने भरलं त्याला एकदा विचारत जा.

वायर बदलून जनरेटर साध्या डिझेलवर सुरू झाला. खिडकीतून धूर आत आला आणि लवूंना उबळ आली. आकांक्षा त्यांची पाठ चोळत बसली.