उजव्या हाताचा साचा

सिलिकॉनचा भाग ‘अ’ चारशे बारा ग्रॅम, भाग ‘ब’ चारशे आठ. प्लास्टरच्या पट्ट्यांच्या तीन गुंडाळ्या, एक ब्रश, एक डिजिटल काटा. आणि बाबांचा उजवा हात, उद्या सकाळी नऊपर्यंत.

त्यांच्या कोपराखाली कर्करोगाची गाठ होती. वर्ध्याच्या दवाखान्यात हात कोपराच्या वरून काढणार होते, आणि भरतीसाठी आर्वीहून पावणेपाचची एसटी गाठायची होती. पुढे कृत्रिम हात बसवला तर तो त्यांच्याच हातासारखा दिसावा, नखांसकट, म्हणून मला आजच साचा हवा होता. रसायनशास्त्रात बीएस्सी केल्यापासून मी नाटकांना आणि लघुपटांना सिलिकॉनचे तुटलेले अवयव करून देते.

“आजवर किती हात तोडले तू, गुंजन?” बाबांनी विचारलं.

“अकरा.”

“मंग डाक्टरपेक्षा तूच बरी. तुह्या हातानं दुखत तरी नाई.”

आई हसली नाही.

दोन्ही भाग दोनशे-दोनशे ग्रॅम मिसळून मी मनगटाच्या वरपर्यंत ब्रशनं लावले. वीस मिनिटांत त्याचं रबर व्हायला हवं होतं. पस्तीस मिनिटांनीही बोट टेकवलं की तार निघत होती. काटा तपासला, बरोबर होता. प्रमाणही बरोबर होतं. या उकाड्यात तर उलट लवकर घट्ट व्हायला हवं. सगळा चिकटा पुसून काढला तेव्हा सव्वातीन वाजले होते.

“बाबा, सकाळपासून हाताले काय लागलं?”

त्यांनी हात पाठीमागे घेतला.

“सांगा ना! काऊन लपवून राह्यले?” आई म्हणाली.

“पहाटे बगीच्यात गेलतो. संत्र्याले गंधकाची भुकटी मारली, याच हातानं. उद्यापासून कोन मारन?”

“नुसत्या हातानं?”

“धुतला ना मंग!”

हे सिलिकॉन प्लॅटिनममुळे घट्ट होतं, आणि गंधक त्या प्लॅटिनमला निकामी करतं. साध्या धुण्यानं ते त्वचेच्या घड्यांतून निघत नाही. मी साबण, नखांचा ब्रश आणि स्पिरिट घेतलं. एकदा, दोनदा, तीनदा घासलं.

“सालटं काढतं का, बाई?”

“सोसा ना जी थोडं,” आईनं त्यांचं डोकं पोटाशी धरलं. “पोरगी रडून राह्यली, दिसत नाई का?”

मी रडत होते हे मला तेव्हा कळलं.

चार-चार ग्रॅम मिसळून तळव्यावर चाचणी घेतली. चौदा मिनिटांत ते घट्ट झालं आणि सालीसारखं निघालं. प्रत्येक बोटावर वेगळी चाचणी घ्यायला हवी होती, पण तीन पन्नास झाले होते. उरलेल्यातले दोनशे चार-दोनशे चार ग्रॅम एकत्र करून हातावर लावले आणि वर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या. भाग ‘ब’ संपला होता.

बाहेर भाऊ निकेश ऑटोचा भोंगा वाजवत होता. “बाबाले आणता का? गाडी सुटन!”

“सुटू दे!” आई ओरडली. मग हळू आवाजात मला म्हणाली, “नाई, सुटू नको देजो.”

चार चोवीसला प्लास्टरचं कवच उघडलं. मनगटाजवळ चीर देऊन सिलिकॉन बोटाबोटानं सोडवलं. बाबा हात अजिबात हलवत नव्हते. ते मोकळ्या झालेल्या बोटांकडे बघत होते.

साचा खिडकीशी नेऊन मी आत विजेरी मारली. तळवा आणि चार बोटं रेषांसकट उतरली होती. अंगठ्यात टोकापासून एकवीस मिलिमीटरपर्यंत सिलिकॉन चिकट होतं; नख उतरलंच नव्हतं.