लोण्याचा वास

समोरच्या दारूच्या दुकानाच्या काचेवर सोमवारी सकाळी फलक लागला: ‘आता आपल्या शहरातही!’ खाली एक बाटली रंगवली होती. ती बघून लाँड्रीतल्या डागवाल्या बाईंचा ब्रश कोटाच्या बाहीवर होता तिथेच थांबला आणि बाहीला पांढरा चट्टा पडला. डाग काढायचं काम करता करता नऊ वर्षांत तिने स्वतः पाडलेला हा पहिला डाग.

बाई म्हणजे पन्नाशी ओलांडलेली, काटकुळी, तोंडाने कमी आणि नाकाने तिखट. कपडा नाकाशी धरला की डाग कशाचा, किती दिवसांचा, हे ती सांगायची. लाँड्रीच्या मालकीणबाई गिऱ्हाइकांना कौतुकाने म्हणायच्या, “आमच्या बाईंपासून काही लपत नाही.” त्यामुळे काही गिऱ्हाइकं, विशेषतः नवरेमंडळी, कोट काउंटरवर ठेवताना उगाच इकडेतिकडे बघायची.

फलकावरची बीअर तिच्या घरची होती. घरची म्हणजे अगदी घरची. वडिलांनी गावाबाहेर छोटा कारखाना काढला, पाच टाक्यांचा, आणि त्यांच्यामागे दादा तो चालवत होता. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण त्यांची बीअर उलट गावातच पिकायची आणि गावातच संपायची. गावाच्या शिवेपलीकडे ती कधी गेली नव्हती. आणि आता रस्ता ओलांडला की मिळत होती.

संध्याकाळी तिने रस्ता ओलांडला. दुकानदार गोलमटोल आणि बोलघेवडा होता. “घ्या बाई, घ्या! पिढीजात माल आहे. बापाने सुरू केली, मुलगा चालवतोय. हे बघा, चित्रसुद्धा आहे.” लेबलावर दोन चेहरे होते, दोघांनाही मिशा. मुलीचा पत्ता नव्हता. मिशा नव्हत्या म्हणून राहिली असेल, असं ती मनाशी म्हणाली आणि बाटली पिशवीत टाकून निघाली. आपण त्या घरच्या आहोत, हे काही तिने दुकानदाराला सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार?

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक खाट, एक शेगडी, एक खिडकी, आणि खिडकीतून दिसणारी दुसऱ्या कोणाची तरी खिडकी. शनिवारी संध्याकाळी लाँड्रीचं शटर पडलं की सोमवारी सकाळपर्यंत तिच्याशी कोणी बोलत नसे. एकदा रविवारी चुकून कोणाचा तरी फोन लागला. त्या माणसाला गॅसचा सिलिंडर हवा होता. तिने त्याला शेगडीची काळजी कशी घ्यावी इथपासून सगळं सांगितलं. चार मिनिटांनी बिचारा “बरं ताई, ठेवतो” म्हणाला, आणि त्याच्या त्या ‘ताई’वर तिने तो आठवडा काढला.

बाकीच्या रविवारी ती घरी जायची. म्हणजे खाटेवर डोळे मिटून पडायची आणि मनाने जायची. फाटक, अंगण, डावीकडे वडिलांची खोली, स्वयंपाकघरातली तिरपी फळी, मग जिना, आणि जिन्यावर तिची खोली. सगळ्या खोल्या फिरून व्हायला बरोबर एक तास लागायचा. घाई केली तर दिवस उरायचा, म्हणून ती घाई करत नसे.

त्या सोमवारी तिने बाटली उघडली, पेल्यात ओतली, नाक खाली नेलं आणि रडली. बीअर चांगली होती. दादाने चांगली केली होती. हे तिला कोणालातरी सांगायचं होतं, आणि सांगायला खोलीत कोणी नव्हतं.

भांडण कशावरून झालं होतं, तर दोन दिवसांवरून. बीअर आंबून तयार झाली तरी टाकीत आणखी दोन दिवस तशीच ठेवावी लागते. नाहीतर तिच्यात लोण्याचा वास राहतो. आधी पुसट असतो, मग बाटलीत दिवसेंदिवस वाढत जातो. तो वास सगळ्यांना येतो असं नाही. दादाला तर जन्मापासून येत नव्हता. बाकी सगळं कळायचं, जळकं, आंबट, कुबट, पण लोणी नाही. वडिलांनी हे ओळखलं होतं. ते म्हणायचे, “टाकी याने सांभाळायची आणि नाक हिने.” आणि तसंच चाललं, ते गेल्यानंतरही.

मग एकदा मोठी मागणी आली आणि दादाला टाकी त्याच दिवशी रिकामी करायची होती. ती म्हणाली, लोणी आहे, दोन दिवस थांब. तो म्हणाला, वेळ नाही. ती म्हणाली, मग ओतून दे. तेव्हा सगळ्या कामगारांदेखत दादा ओरडला, “तुझ्या नाकावर कारखाना चालत नाही!” ती डोक्यात राख घालून निघाली ती थेट या शहरात येऊन थांबली. फोन नंबर बदलला, पत्ता कोणाला दिला नाही. तो शोधत येईल, नाक घासत येईल, असं पहिली दोन वर्षं वाटत होतं. तो आला नाही. आणि आपण होऊन परत जायचं, तर सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात त्यातली गत.

आता मात्र दर गुरुवारी ती एक बाटली आणायला लागली. दुकानदार तिला बघितल्यावर विचारल्याशिवाय बाटली काढून ठेवायचा. आठवड्यातून एकदा दादाच्या हातचं काहीतरी तिच्या खोलीत यायचं, आणि तेवढी एक संध्याकाळ बरी जायची. पाचव्या गुरुवारी तिने बाटली उघडली आणि पेला तोंडाला लावण्याआधीच खाली ठेवला.

लोणी होतं.

तिला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. नाकावाचून चालतो ना कारखाना? चालवा आता! ती खोलीत दोन फेऱ्या मारून आली. मग खाटेवर बसली आणि आनंद कुठे गेला ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानदाराला सांगितलं. तो हसला. “अहो बाई, लोकांना उलट हीच आवडली. मऊ लागते म्हणतात. आणि उद्या तर मजा आहे. दुपारी चारला मालक स्वतः येतायत. याच टाकीतलं पिंप आणणार आहेत. सहा हॉटेलवाल्यांना बोलावलंय. त्यांनी घेतली तर बीअर या शहरात राहिली. नाही घेतली तर मी तरी किती दिवस जागा अडवून ठेवू?”

याच टाकीतलं पिंप. हॉटेलवाले म्हणजे चाखण्यात मुरलेली माणसं. उद्या नाही कळलं तरी पिंप आठ-दहा दिवस त्यांच्याकडे राहिलं की गिऱ्हाईक नाक मुरडणार. एकदा नाव गेलं की ते परत येत नाही. मग समोरचं शेल्फ रिकामं, आणि गुरुवारही इतर वारांसारखाच.

दुपारच्या सुट्टीत तिने घरचा जुना नंबर लावला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. बोटांना तो अजून पाठ होता. ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही,’ असं एक बाई गोड आवाजात म्हणाली. बदलला असेल, तिने स्वतःची समजूत घातली. आपणही नाही का बदलला?

शनिवारी दिवसभर तिने एकही डाग धड काढला नाही. पावणेचारला मालकीणबाईंना म्हणाली, “जरा समोर जाऊन येते.”

“काय हो, काय झालं?”

“दादा आलाय,” ती म्हणाली. तिला भाऊ आहे हे मालकीणबाईंना नऊ वर्षांत पहिल्यांदा कळलं. त्यांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तोवर ती ॲप्रन न काढताच रस्त्यावर पोचली होती.

दुकानात हॉटेलवाले पेले हातात घेऊन गप्पा मारत उभे होते. मागच्या खोलीत, खोक्यांच्या मधे, दादा पिंपाला नळ बसवत होता. त्याचे केस पांढरे झाले होते. मिशाही. वाकताना त्याने कमरेवर हात ठेवला, अगदी वडील ठेवायचे तसा.

“दादा, ते पिंप आत्ता उघडू नकोस.”

त्याने मान वर केली. कशी आहेस, कुठे होतीस, काही नाही. त्याने हातातला नळ थोडासा फिरवला, पेल्यात दोन बोटं बीअर घेतली आणि पेला तिच्यापुढे धरला.

तिने वास घेतला. “लोणी आहे.”

“खूप?”

“आज खूप नाही. दहा दिवसांनी कोणालाही येईल.”

“आजची तारीख ठरली होती गं,” तो म्हणाला. “दोन दिवस कमी पडले. मला वाटलं...” त्याने पेला तिच्या हातातून घेतला आणि तसाच बाहेर गेला. ती दारात उभी राहिली.

“मंडळी, माफ करा,” दादा मोठ्याने म्हणाला. “आज बीअर द्यायची नाही. ती बिघडली आहे. मला त्यातला वास येत नाही, कधीच आला नाही. ही माझी धाकटी बहीण. तिला येतो. ती नाही म्हणाली म्हणजे नाही.”

दुकानदाराचं तोंड पडलं. “अहो, काय हे! कालच चार खोकी गेली!” एक हॉटेलवाला म्हणाला, असा धंदा करणारा माणूस पहिल्यांदाच बघितला. हे कौतुक होतं की चेष्टा, कळायला मार्ग नव्हता, कारण तो निघून गेला. बाकीचेही गेले. दुकानदाराने शेल्फावरच्या बाटल्या खाली उतरवायला घेतल्या आणि पुन्हा माल पाठवू नका, असं पाठमोऱ्यानेच सांगून टाकलं.

दुकानामागच्या मोकळ्या जागेत गटार होतं. दोघांनी मिळून पिंप तिरकं केलं. बरीच बीअर होती, जायला वेळ लागला. फेस गटाराच्या जाळीवर साठला, फुटला, पुन्हा साठला. रिकामं पिंप बाजूला लोटून दोघं उलट्या खोक्यांवर बसले.

“तुझंच बरोबर होतं,” दादा म्हणाला. “तेव्हाही. ती सगळी बीअर परत आली होती.”

हे वाक्य ऐकायला ती नऊ वर्षं थांबली होती. त्याच्यावर काय काय बोलायचं, तेही तिने पाठ करून ठेवलं होतं, चांगलं झोंबेल असं. आता त्यातलं काहीच आठवेना. आपल्याला हे ऐकायचंच नव्हतं, दुसरंच काही हवं होतं, हे तिला तिथे, गटाराशेजारी बसल्यावर कळलं. कळलं तसं तिने सांगून टाकलं.

“दादा, मला घरी यायचंय.”

दादा पायाजवळचं एक बूच उचलून बोटांत फिरवत राहिला.

“वहिनी नको म्हणेल का?”

“ती कशाला नको म्हणेल? ती रोज तुझं नाव काढते.” त्याने बूच खाली ठेवलं. “घर नाही गं राहिलं. विकलं आम्ही. गेल्या वर्षी. पाच टाक्यांत गाव भागायचं, इथवर माल कुठून आणणार? मोठ्या टाक्या घ्यायच्या होत्या. आता आम्ही दोघं कारखान्याच्या माडीवर राहतो, दोन खोल्यांत.”

“आपलं घर?”

“त्यांनी पाडलं. नवीन बांधतायत.”

गेल्या वर्षी. म्हणजे गेल्या वर्षभराच्या सगळ्या रविवारी ती कुठे फिरत होती? तिने अंगण मोजलं होतं, जिना चढला होता, आणि तिथे ना अंगण होतं ना जिना. तिला एकदम इतका राग आला की ती उभीच राहिली.

“एक फोन नाही करायचास? एका शब्दाने नाही विचारायचंस?”

“कुठे करायचा?” दादा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “नंबर कुठे दिला होतास?”

ती पुन्हा खोक्यावर बसली.

“आणि काय अडलं होतं इथे माल आणायचं?” ती म्हणाली. रडू आवरताना तिचा आवाज भांडल्यासारखा निघत होता. “गावात चाललं होतं ना सगळं? आणायचाच होता तर वाटेत तीन शहरं लागतात. जवळची, मोठी. घर विकून एवढ्या लांब याच शहरात आणायची काय गरज होती?”

दादाने खिशातून रुमाल काढला, हात पुसले, मग तोंड पुसलं, मग पुन्हा हात पुसले.

“वहिनीच्या भावाने तुला इथल्या स्टेशनवर बघितलं होतं,” तो म्हणाला. “गर्दीत हाक मारेपर्यंत दिसेनाशी झालीस. एवढ्या मोठ्या शहरात तुला कुठे शोधणार? म्हटलं, बीअर सगळ्या दुकानांत ठेवली, तर एखाद्या दुकानात तू येशील.”