पॅव्हेलियनमधली खुर्ची

माझ्या नवऱ्याबद्दल क्रिकेटच्या लोकांना एकच गोष्ट ठाऊक असते. नेव्हिल प्रिडी, इंग्लंडकडून एकच कसोटी खेळलेला अष्टपैलू. जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या, शेवटची जोडी मैदानात होती. चेंडू बॅटजवळून गेला. यष्टिरक्षकाने उगीच आपलं अपील केलं, पंचांनी नाही म्हणून मान हलवली, आणि हा माणूस हातमोजे काढत पॅव्हेलियनकडे चालू लागला. पंचांना दिसलं नसेल, पण चेंडूला बॅट लागली होती, म्हणून. सामना गेला. पेपरांनी सभ्य गृहस्थ म्हणून कौतुक केलं आणि निवड समितीने पुन्हा नाव घेतलं नाही.

बाकीची चौदा वर्षं हे आपल्या कौंटीकडून खेळले. सातव्या नंबरला फलंदाजी, आणि मुख्य गोलंदाज दमले की गोलंदाजी. घरातला एखादा मुलगा अभ्यासातही बरा, कामातही बरा असला की त्याच्याकडे कुणाचं विशेष लक्ष नसतं, तसं. मग गुडघा गेला, पहिलं लग्नही मोडलं, आणि हे बॉनच्या एका इंग्रजी शाळेत खेळ शिकवायला आले. मी इथे विद्यापीठाच्या लायब्ररीत होते. लग्नाचं कळवलं तेव्हा आईने फोनवर विचारलं, "मुलगा करतो काय?" मी म्हटलं, "सगळं थोडंथोडं."

मी पहिल्यापासून ह्यांना "अहो" म्हणते. इथल्या क्रिकेट क्लबात पुण्याची आयटीतली पोरं येऊ लागली तेव्हा ह्यांनी तेच आपलं नाव म्हणून सांगितलं. पोरं अजून "अहो सर" म्हणतात.

गेल्या शरद ऋतूत ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मी सोळा सोमवार धरले. बेल इथे मिळत नाही, मी अक्षता वाहते. मागताना फार मागितलं नाही. हे उठून बसू देत, एवढंच.

सोमवार अर्धेही झाले नव्हते. ह्यांना तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला. शनिवारी डॉक्टरीणबाईंनी, फ्राऊ लेन्झ त्यांचं नाव, मला बाजूला घेतलं.

"तर, फ्राऊ प्रिडी," त्या म्हणाल्या, "ह्या वेळी श्वास त्यांचा त्यांना पुरणार नाही. मशीनला लावलं तर काही आठवडे जातील. त्यातून सुटतील असं मला वाटत नाही. नाही लावलं तर त्रास होणार नाही एवढं आम्ही बघू. त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्या वतीने निर्णय घ्यायची फोलमाख्ट तुमच्या नावावर आहे, त्यामुळे सांगायचं तुम्ही. सोमवारी सकाळपर्यंत."

मी बरं म्हटलं. घरी येऊन कुकर लावला. वरण झालं, भात झाला. मग आठवलं की घरात मी एकटीच आहे.

रविवारी इंग्लंडहून हेलन आली, ह्यांची पहिल्या लग्नाची मुलगी. पन्नाशीची आहे, तिकडे शाळेत शिकवते. क्लबाचा कप्तान प्रद्युम्न तिला विमानतळावरून घेऊन आला. हेलन ह्यांच्याजवळ तासभर बसली, मग आम्ही तिघं खाली हॉस्पिटलच्या कॅफेटेरियात गेलो.

"काकू, काही खाल्लंत?" प्रद्युम्नने विचारलं.

"आज उपास नाही. खाईन."

"खाईन नाही, खा." त्याने माझ्यापुढे पाव सरकवला. "आत अंडं नाहीये. मी दोनदा विचारलं. ती बाई आता मला ओळखायला लागलीये."

मग तो हेलनला इंग्रजीत सांगू लागला. "सर मला काय म्हणायचे माहितीये? तुझा चेंडू येईपर्यंत फलंदाजाचा चहा पिऊन होतो."

हेलन हसली. "मला म्हणायचे, तू धावतेस तेव्हा कुणीतरी कपाट सरकवतंय असं वाटतं." हसू तसंच ठेवून ती माझ्याकडे वळली. "शुभदा, मशीन लावायचं ना?"

मी पावाचा तुकडा मोडला.

"डॉक्टरांना निराशा बोलायची सवय असते," ती म्हणाली. "डॅडनी मोडक्या बोटाने तीस षटकं टाकली आहेत. आणि एक लक्षात घे. ते आऊट असले की जायचे. पंचांनी न सांगता जायचे. पण आऊट नसताना ते कधीच गेले नाहीत. आत्ता ते आऊट नाहीत."

ती हे तयारी करून बोलत होती. तिला उत्तर द्यायला माझ्याकडे एकच गोष्ट होती, आणि ती ह्यांनी मला एकटीला सांगितलेली होती. मी खोटं बोलत नाही, तो माझा नेम आहे. गप्प बसणं मात्र त्यात बसतं. मी गप्प बसले तर हेलनच्या म्हणण्याप्रमाणे उद्या मशीन लागणार होतं.

"गेले होते," मी म्हटलं.

"कधी?"

"कसोटीत. बॅट लागलीच नव्हती, हेलन. चेंडू वीतभर लांबून गेला."

प्रद्युम्नचा कप हातातच राहिला.

एका एकादशीला ह्यांनी मला हे सांगितलं होतं. हे खिचडीपुरते माझ्याबरोबर उपास करायचे. साबुदाण्याच्या खिचडीवर लिंबू पिळता पिळता म्हणाले, दोन दिवस गोलंदाजी केली होती, हात खांद्यापासून वर जात नव्हता. बॅट धरली होती ती नुसती धरायची म्हणून. अपील झालं, मी मान वळवली, तर पॅव्हेलियनच्या दारात एक रिकामी खुर्ची दिसली. मला त्या खुर्चीत बसायचं होतं. बसलो. नंतर सगळे येऊन हात मिळवायला लागले, खरा माणूस म्हणायला लागले. मला तर कुणी काही विचारलंच नाही. त्यावर मी ह्यांना विचारलं, वाईट वाटतं का? म्हणाले, नाही. खुर्ची फार चांगली होती.

एवढं मी हेलनला सांगितलं. ती पाण्याची बाटली उघडत, बंद करत राहिली.

"मी दरवर्षी मुलांना ती गोष्ट सांगते," ती म्हणाली. "प्रार्थनेच्या वेळी. सबंध शाळेला."

"हो. त्यांना माहीत होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू सांगून आलीस की फोन करायचीस. मुलं किती शांत बसली होती ते सांगायचीस. म्हणून नसेल सांगितलं."

प्रद्युम्न उठला आणि कुणी न मागितलेली कॉफी आणायला गेला. परत येऊन कप मांडताना हळूच मला म्हणाला, "काकू, मी काही ऐकलेलं नाही." आणि खाली मान घालून साखर ढवळत बसला. तो साखर घेत नाही.

"खुर्ची कसली होती?" हेलनने विचारलं.

"वेताची. हिरवी उशी होती म्हणाले."

तिने मान हलवली. कॉफीचा कप बाजूला सारला. मग ती म्हणाली, "तूच सांग डॉक्टरांना. माझ्याने नाही सांगवणार."

सोमवारी मी नेहमीच्या वेळेला उठले. आंघोळ केली, दिवा लावला, पिंडीवर पाणी घातलं, अक्षता वाहिल्या. हात आपोआप चालत होते. व्रत मध्येच सोडता येत नाही. माणसाला जाऊ देता येतं, असं दिसतंय. मला रडू येईल म्हणून थोडी थांबले. आलं नाही. मग ट्रामने हॉस्पिटलला गेले.

फ्राऊ लेन्झ वॉर्डच्या दाराशीच भेटल्या. मी म्हटलं, "मशीन नको."

"नक्की?"

"नक्की. पण त्यांना खुर्चीत बसवता येईल का?"

त्यांनी थोडा विचार केला. "येईल. श्वासाला बरंच पडेल ते."

दोन नर्स चाकांची मोठी, मागे कलणारी खुर्ची घेऊन आल्या. करड्या रंगाची होती. त्यांनी ह्यांना उचललं, हेलनने पाठीमागे उशी सारली. खिडकीशी नेलं. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसत होती आणि तिच्यापलीकडे थोडं गवत. ह्यांचे डोळे अर्धे उघडे होते.

उजवा हात खुर्चीच्या बाहेर लोंबत होता. मी तो उचलून ह्यांच्या मांडीवर ठेवला. फार जड होता, दोन दिवस गोलंदाजी केल्यासारखा.

"नीट बसलेत?" हेलनने विचारलं.

"बसलेत," मी म्हटलं.