बिनआवाजाचा घास

बिस्किटाच्या कारखान्यात आवाज विभाग असतो, हे ऐकून लोक हसतात. हसोत बापडे. चावण्याचा आवाज एक हवेतून आणि एक जबड्याच्या हाडातून, असा दोन वाटांनी कानात जातो आणि तो जितका खणखणीत, तितका माल ताजा वाटतो, एवढं साधं शास्त्र ज्यांना ठाऊक नाही त्यांच्याशी काय वाद घालायचा? या विभागात कुरकुरसाहेब होते. हे नाव हाताखालच्यांनी ठेवलेलं आणि त्यात बिस्किटांचा वाटा निम्माच होता.

साहेबांचा कान म्हणजे कान! टोस्ट कालचा की आजचा, हे भिंतीपलीकडून सांगत. असला कान घरी नेला की काय होतं, ते त्यांच्या बायकोला विचारावं. लग्न नवं असताना तिनं काकडीचा तुकडा तोंडात टाकला आणि साहेबांनी ताटावरचा हात उचलला.

"अगं, जेवतेयस की खडी फोडतेयस?"

तिनं हसण्यावारी नेलं. पुढे गाजर झालं, सफरचंद झालं. साहेब डोळे मिटून घेत, सुस्कारे सोडत; एकदा तर पाहुण्यांसमोर ताटावरून उठून गेले. हळूहळू घरात शांतता नांदू लागली. ती कुठून आली याची चौकशी साहेबांनी केली नाही. आपली शिस्त, म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

त्या दिवशी मालक नव्या बिस्किटाची चाचणी घ्यायला आले. बिस्किट साहेबांचं. पास झालं तर विभागप्रमुखाची खुर्ची त्यांची, नाहीतर बसा आणखी काही वर्षं दुसऱ्यांचं चावणं ऐकत. मालकांचा यंत्राच्या लोखंडी दातांवर विश्वास नव्हता. त्यांना जिवंत माणसाचं खाणं हेडफोन लावून ऐकायचं असे. शिवाय खाणारा बाहेरचाच हवा, कारण कारखान्यातली माणसं पगाराकडे बघून चावतात, असं त्यांचं मत. आणि नेमकी नेहमीची खाणारी बाई अक्कलदाढ सुजून घरी बसलेली.

इतक्यात साहेबांचा विसरलेला चष्मा घेऊन बायको दारात उभी राहिली. देव पावला! साहेबांनी तिला थेट फोमच्या भिंतींच्या खोलीत बसवलं, गालाजवळ मायक्रोफोन लावला, हातात बिस्किट दिलं आणि काचेच्या अलीकडे येऊन उभे राहिले.

तिनं बिस्किट खाल्लं. आवाज मोजणाऱ्या यंत्राची सुई जागची हलली नाही.

"वायर सुटलीय का?" मालकांनी विचारलं. वायर ठीक होती. तिनं दुसरं खाल्लं. पुन्हा सामसूम.

"सादळलंय हो तुमचं बिस्किट," मालक म्हणाले.

साहेब घाईनं पुढे झाले. त्यांनी बोलण्याचं बटण दाबलं. "अगं, नीट चाव ना!"

"मी चावत नाही हो," ती सरळपणे म्हणाली. "आधी जिभेवर भिजू देते. मऊ झालं की गिळते. तुम्हाला त्रास होतो ना."

तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. निदान उलट बोलता आलं असतं. मालकांनी मान वळवून साहेबांकडे पाहिलं. पण खुर्ची हातची चालली होती, लाजायला सवड कुणाला?

"आज चाव. मोठ्यानं. मी सांगतोय ना!"

तिनं तिसरं बिस्किट उचललं. दातांत धरून क्षणभर थांबली, डोळे घट्ट मिटले आणि चावलं.

कडाड्! सुई पार टोकाला गेली. असा आवाज त्या खोलीत कधी झाला नव्हता. साहेबांनी आनंदानं टेबलावर हात आपटला. मालक मात्र हेडफोन घालून तसेच बसून राहिले.

"पास," शेवटी ते म्हणाले. "कुरकुरीत आहे. खुर्चीचं बघू." त्यांनी हेडफोन काढून साहेबांच्या हातात ठेवला. "पुढचं ऐका. तुमचा कान चांगला आहे म्हणतात."

साहेबांनी हेडफोन लावला. काचेपलीकडे तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. बोटांआडून, जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू आवाजात ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "चुकलं हो. चुकलं. रागावू नका."