काचेपलीकडचा जावई

वडिलांनी बोटाच्या पेराने मत्स्यालयातल्या मोठ्या टाकीवर दोनदा टकटक केली आणि कान लावला.

"बाबा, हात लावू नका. पाटी आहे."

"काच नाही ही. अ‍ॅक्रिलिक आहे." चाळीस वर्षे त्यांनी दुकानांना, दवाखान्यांना काचा बसवल्या होत्या. "जोड मात्र सापडत नाही. बसवणाऱ्याचा हात चांगला."

मुलीने घड्याळ पाहिले. तिच्या लग्नाला सहा वर्षे झाली, पण त्यांनी जावयाचे तोंड पाहिले नव्हते. लग्नाला आले नाहीत. 'पाण्यात राहून माशांशी वैर करू नये म्हणतात, यानं तर चाकरीच धरली,' एवढाच निरोप धाडला होता. आता डोळे तपासायला ते शहरात आले होते, उतरले भाच्याकडे, आणि संध्याकाळची परतीची गाडी होती. मासे बघू म्हणून तिने त्यांना इथे आणले. इथेच कामाला असलेल्या नवऱ्याला सांगितले नव्हते. उगाच आशा लागली असती.

वरून काळा पोशाख घातलेला एक माणूस पाण्यात उतरला. तोंडावर मुखवटा, पाठीवर नळकांडे, हातात फडके. एका चपट्या माशाने त्याला वाट करून दिली.

"हाच का?"

"हाच."

 वडील माणसाकडे नव्हे, त्याच्या हाताकडे बघत होते. हात वरून खाली येई, पुन्हा वर जाई, आणि पुसलेल्या पट्ट्यावर अर्धा चढवून पुढचा पट्टा घेई. हाताखालच्या पोरांना हे शिकवता शिकवता त्यांचा घसा बसत असे.

मग त्यांना चेहऱ्याच्या उंचीवर एक डाग दिसला. त्यांनी बोट दाखवले. जावई खाली आला, त्याने तिथे पुसले. डाग तसाच. त्यांनी पुन्हा बोट दाखवले, जरा ठणकावून. जावयाने फडके अंगठ्याला गुंडाळून घासले. तिसऱ्यांदाही.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "डाग बाहेरून आहे. तुम्ही कान लावलात ना, तिथला."

डाग कुठल्या बाजूचा हे न पाहण्याच्या चुकीपायी त्यांनी कितीतरी पोरांना कामावरून पिटाळले होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि पुसू लागले. आतला हातही अजून तिथेच घासत होता. डाग गेला तेव्हा जावयाने अंगठा आणि बोट जुळवून 'झालं' अशी खूण केली आणि पुढच्या पट्ट्याकडे वळला.

"ओळखलं नाही त्यानं मला."

"कसा ओळखणार? कधी पाहिलंय त्यानं तुम्हाला?"

रुमालाची घडी त्यांच्याकडून नीट होईना.

"म्हणजे कुणीही बोट दाखवलं, तरी तीन-तीनदा पुसतो?"

"कुणीही."

शाळेची मुले आली तसे ते टाकीपासून बाजूला झाले.

"जेवलाय का तो?"

"भरल्या पोटी उतरत नाहीत पाण्यात. तासाभराने बाहेर येईल, मग जेवेल."

"मग आपण तरी आधी कशाला जेवायचं."

समोरच्या बाकाच्या टोकाला ते बसले. मुलगी शेजारी बसली, तेव्हा त्यांनी तिला मधे एका माणसाची जागा सोडून पलीकडे सरकायला सांगितले.