चिकटलेल्या ग्रंथाचा जबाब

सकाळी सव्वाअकरा. कला महाविद्यालयाचा पहिला मजला, प्रदर्शनाचं दालन, खिडकीकडून दुसरी काचपेटी. पन्नाशीच्या एका बाईने थर्मास उघडला आणि एका पुरस्कारप्राप्त कलाकृतीला गरम पाण्याची वाफ दिली. पहारेकऱ्याने थर्मास जप्त केला. दालन बंद करण्यात आलं.

ती कलाकृती म्हणजे मी. मी हाताने बांधलेला एक ग्रंथ बोलतोय. कार्यशाळेत मला पुस्तक म्हणत. दालनाचा जिना चढलो आणि ग्रंथ झालो. माणसांचंही असंच होतं म्हणे. या घटनेवर पहारेकरी बोलला, प्राचार्य बोलले, जे त्या दिवशी दालनात फिरकलेही नव्हते ते तर भरभरून बोलले. मला कोणी विचारलं नाही. म्हणून हा जबाब.

मला करणारी मुलगी शेवटच्या वर्षाला होती. तिची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हापासून ती मावशीकडे वाढली. मावशी रफू करते. एका दुकानाच्या जिन्याखाली तिची जागा आहे : एक स्टूल, एक दिवा, सुयांचा डबा. रफू हे मोठं अन्यायाचं काम. चांगलं झालं तर दिसत नाही, त्यामुळे कौतुक करणाऱ्याने बोट कुठे ठेवायचं हा प्रश्नच असतो.

मुलीने ठरवलं, ग्रंथनिर्मितीच्या परीक्षेला मावशीचंच पुस्तक करायचं. प्रत्येक पानावर एकेका गिऱ्हाइकाच्या कपड्याची चिंधी चिकटवायची आणि खाली तो कपडा रफू करताना मावशी काय बोलली ते लिहायचं. वकिलाच्या कोटाच्या अस्तराखाली आहे : ‘याचा खिसा नेहमी आतूनच फाटतो. खोटं बोलताना मूठ आवळत असणार.’ मुलाखतीला निघालेल्या तरुणाच्या मागून फाटलेल्या पँटीखाली आहे : ‘त्याला म्हणावं, खुर्ची दिली तरी उभाच राहा.’ चिंध्या मावशीनेच दिल्या, पण कशाला हव्यात ते मुलीने सांगितलं नाही. “झाल्यावर बघ,” म्हणाली.

माझा जन्म उत्तम झाला. टोच्याने नेमकी भोकं पाडली, मेण लावलेल्या दोऱ्याने मला शिवलं, पुठ्ठे बसवले. घोळ त्यानंतरचा आहे. चिंध्यांखालची खळ ओली असताना पुस्तक दाबात ठेवायचं, तर पानापानांत मेणकागद घालावा लागतो. मुलीने तो कापून ठेवला होता. पण ज्याला सगळे बोक्या म्हणतात त्या वर्गमित्राने तो स्वच्छ कागद पाहिला आणि त्यात स्वतःची सँडविचं गुंडाळली. जागेवर कागद दिसेना, तेव्हा मुलीला वाटलं, मेणकागद घालून झाला. तिने दाबाचा स्क्रू कचकचून आवळला. बाहेर निघालो तेव्हा मी पुस्तक नव्हतो, वीट होतो. बोक्याची सँडविचं मात्र शेवटपर्यंत ताजी राहिली.

मुलगी रडवेली होऊन मला सरांकडे घेऊन गेली. सरांनी मला उलटंपालटं केलं. दारावर वाजवतात तसं माझ्यावर वाजवलं. मग चष्मा काढला.

“हे बंद आहे,” सर म्हणाले.

“हो सर, चिकटलंय. खळ ओली होती.”

“चिकटलेलं नाही. बंद आहे. तू वाचकाला नाकारलंस.”

“वाचकाला कशाला नाकारू, सर? मावशी वाचणार होती.”

सर समजुतीने हसले. आपण काय केलंय ते कलाकाराला कळलंच पाहिजे असं नाही, म्हणाले. मुलीने सांगितलं की वाफ दिली तर खळ सुटते, घरी नेऊन सोडवते. तसं सरांनी मला कपाटात ठेवून कुलूप लावलं.

“उघडलंस तर हे नुसतं पुस्तक उरेल. आणि नुसत्या पुस्तकाला मी पास करणार नाही.”

हे वाक्य एका शिक्षकाने, शुद्धीवर असताना, ग्रंथनिर्मितीच्या वर्गात उच्चारलं. मी कपाटातून ऐकलं.

मग मी काचेत गेलो. माणसं माझ्यासमोर येऊन मान तिरकी करत, सुस्कारा टाकत आणि घड्याळ बघत. माझ्या मौनाच्या अर्थावरून एका जोडप्यात जुंपली, ती शेवटी कोणाच्या आईच्या मौनावर जाऊन थांबली. एक गृहस्थ म्हणाले की त्यांनी याहून जास्त बंद पुस्तकं पाहिली आहेत. तिघे परीक्षक आले. एकाने काचेवर तळहात ठेवून जणू माझा ताप पाहिला. दुसऱ्याने डोळे मिटले. तिसरा दुसऱ्याचे डोळे उघडण्याची वाट बघत राहिला. झाकण कोणी उचललं नाही. पहिला पुरस्कार मला मिळाला. आत काय आहे, असं त्या गर्दीत एकानेही विचारलं नाही.

विचारलं ते मावशीने. दुकानातून सुट्टी काढून, ठेवणीतले कपडे घालून ती आली होती. घशासाठी गरम पाण्याचा थर्मास सोबत होता.

“उघड की गं. काय लिहिलंयस?”

मुलीने खाली मान घालून सगळं सांगितलं. मेणकागद, बोक्या, सर, कुलूप. वाफेने सुटेल, पण मग नापास, हेही सांगितलं. मावशीची नजर थर्मासकडे गेली आणि तिने ती लगेच काढून घेतली.

“मग राहू दे,” ती म्हणाली. “तू पास हो. मी बाहेरूनच बघते. शिवण छान झालीय.”

ती खरोखर बाहेरून बघू लागली. चष्मा काचेला टेकवून, माझ्या कण्यावरचा टाका न् टाका तपासत. मुलीला ते बघवेना. तिने दोन्ही हातांनी काचेचं झाकण उचललं.

“मावशी, थर्मास उघड.”

आयुष्यात पहिल्यांदा मला ऊब लागली. पहिल्या पानाचा एक कोपरा सुटला, नखाएवढा. तेवढ्यात पहारेकरी आला.

चौकशी समिती बसली. सुटलेला कोपरा हे नुकसान आहे की कलाकृतीचा पुढचा टप्पा, यावर सरांचं आणि प्राचार्यांचं एकमत होईना. मुलगी मध्येच उठून म्हणाली, पुरस्कार परत घ्या, मला नापास करा, पण माझं पुस्तक मला द्या. समिती गडबडली. प्राचार्यांनी नियम चाळले. पुरस्कार परत घेण्याची तरतूद नव्हती. पहिल्या पुरस्काराच्या विद्यार्थ्याला नापास करण्याचीही नव्हती. आणि पुरस्कारप्राप्त कलाकृती महाविद्यालयाच्या मालकीची होती. सबब, मुलीला सक्तीने पास करण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा आल्या. पहारेकऱ्याने आधी थर्मास बाहेर ठेवायला लावला. मग मुलगी काचेपाशी उभी राहिली आणि तिने मला पाठ म्हणून दाखवलं. एकेक चिंधी, एकेक वाक्य. वकिलाच्या खिशाला मावशी इतकी हसली की तिला बाक धरावा लागला. “हे मी म्हणाले होते? आणि तू लिहून घेत होतीस? चोरटी कुठली.” पहारेकरी भिंतीकडे तोंड करून उभा होता. खांदे त्याचेही हलत होते.

संपल्यावर मावशी म्हणाली, “मधलं एक पान गाळलंस.”

“कशावरून?”

“टाका सुटला की कळतो मला.”

“ते सांगायचं नाहीये, मावशी. वाचायचंय.”

मला ते पान माहीत आहे. त्यावर गिऱ्हाइकाची चिंधी नाही. मुलीच्या शाळेच्या फ्रॉकचा, मावशीने रफू केलेला तुकडा आहे. खाली वाक्य नाही, एक शब्द आहे. ज्या नावाने मुलीने मावशीला आजवर कधी हाक मारलेली नाही, ते एक नाव. मी जबाब द्यायला बसलोय तरी ते सांगणार नाही. जिचं आहे तिने वाचावं.

आता पेटीला कुलूप आहे. मावशी अधूनमधून येते, चष्मा काचेला लावते, माझी शिवण तपासते आणि कामावर जाते. तुमच्यापैकी कोणी या बाजूला आलात तर फुलं नकोत, सुस्कारे नकोत. एक किटली उकळतं पाणी आणा, आणि किल्ली कोणाकडे असते ते विचारा.

येताना पेटीखालची पितळी पट्टीही वाचा. त्यावर कोरलंय : ‘उत्कृष्ट आशयासाठी प्रथम पुरस्कार. हा ग्रंथ आम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला.’ खाली तीन परीक्षकांच्या सह्या आहेत.

माझी पानं अजून चिकटलेलीच आहेत.