गोविंदाची पेटी आणि वेचणीचं गाणं

मित्रांनो, राळेगावच्या ममता ताकसांडे बाईंच्या घरी, कपाटावर निळ्या कापडात गुंडाळलेली एक जुनी हातपेटी आहे. ती मी. माझ्या तीन पट्ट्या बदललेल्या आहेत, भात्याला दोनदा नवं चामडं लागलं आहे. तरी अजून माझे सूर नीट लागतात. मी कोणा मोठ्या गवयाकडे नव्हते. मी गोविंदा ताकसांडे यांच्याकडे होते. त्यांचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्यांनी लावलेली एक चाल तुम्ही नक्की ऐकली आहे.

माझा जन्म नागपूरचा. रामलाल नावाच्या कारागिरानं मला सागवानाच्या फळ्यांतून घडवलं. पितळेचे सूर त्यानं एकेक करून कानाशी धरले, कानशीनं घासले आणि मग बसवले. दुकानाच्या फळीवर मी दीड वर्ष पडून होते. मग एक दिवस बाविशीतला एक काळासावळा माणूस आला. त्याच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले होते. त्यानं फक्त एक पट्टी दाबली आणि तो सूर मरेपर्यंत ऐकत राहिला. तेच गोविंदा. राळेगावच्या जिनिंगात, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, ते कामाला होते. पहिल्या हंगामाच्या मजुरीत त्यांनी मला घेतलं आणि एसटीच्या गर्दीत मांडीवर घेऊन घरी आणलं.

गोविंदांना संगीत कोणी बसवून शिकवलं नव्हतं. त्यांच्या लहानपणी देवळातल्या भजनाला त्यांना आत येऊ देत नसत, म्हणून ते भिंतीबाहेर उभं राहून ऐकत. छप्पन साली घरच्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. त्यानंतर वस्तीत गाणाऱ्यांची एक मंडळी तयार झाली. तिथे ते गायले. पुढे एका फिरत्या नाटक कंपनीचे तंबू ठोकत त्यांनी दोन हिवाळे काढले. कंपनीच्या पायपेटीवर बोटं कशी फिरतात, ते दोऱ्या ताणता ताणता बघायचे. एवढंच त्यांचं शिक्षण.

राळेगावातच वामनराव नावाचे शिक्षक होते. घरची शेती होती आणि नाटकं लिहायची हौस होती. त्यांची नाटकं अर्धी बोलायची आणि अर्धी गायची. भांडण गद्यात, समेट गाण्यात. कापूस घरी आला की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरे, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होत, आणि तिथे अशा नाटकांना खूप मागणी असे. वामनराव शब्द लिहीत आणि गोविंदा माझ्यावर चाल बांधत. शाळेच्या वहीत निळ्या पेन्सिलीनं सरगम लिहून, वर झोकात 'गोविंदा ताकसांडे कृत' असं घालत.

आता मी तुम्हाला त्या गाण्याबद्दल सांगते.

जिनिंगाच्या अंगणात बाया कापूस निवडायला बसत. पिवळा पडलेला कापूस, पाला, काड्या बाजूला काढत. त्यांत बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येणारी बिजलीबाई होती. काम करता करता ती एक ओळ गुणगुणत असे, तिच्या गोर बोलीतली. सूर वर चढायचा, थोडा अडायचा आणि हळूच खाली उतरायचा. गोविंदांनी ती दुपारी ऐकली आणि संध्याकाळी माझ्या पट्ट्यांवर शोधून काढली. मग त्या ओळीवर त्यांनी पुढचं सगळं बांधलं. कडवी, मधले तुकडे, सगळ्यांनी मिळून म्हणायचा शेवट. वामनरावांनी शब्द घातले:

हलका हलका कापूस बाई, ओटी काही भरेना,
ऊन आलं डोक्यावरती, तास काही सरेना.

तास म्हणजे पिकाची रांग. वेचणाऱ्या बाईची सगळी दुपार त्या दोन ओळींत होती.

"हे गानं बिजलीबाईच म्हनन," गोविंदा म्हणाले.

वामनराव चमकले. "बाई? स्टेजवर? लोक येतीन रे गोविंदा, पण कायले येतीन?"

"गानं आयकाले येतीन, गुरुजी. नाई आले त् मी एकटाच आयकीन."

बिजलीबाईला विचारलं तेव्हा तिनं एकच अट घातली. "मी गाईन. पण कोनी शिट्टी मारली त् तिथूनच उतरून जाईन. मंग बोलवाले येऊ नका."

पहिल्याच प्रयोगात शिट्टी वाजली. बिजलीबाई गाता गाता थांबली आणि खरोखरच स्टेजवरून उतरून गेली. वामनरावांचा चेहरा उतरला. पण गोविंदांनी माझा भाता सोडला नाही. ते तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. पाच वेळा, सहा वेळा. शेवटी पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बाया उठल्या आणि शिट्टी मारणाऱ्याला त्यांनीच मंडपाबाहेर काढलं. मग बिजलीबाई परत आली आणि जिथे थांबली होती तिथूनच पुढे गायली. त्या दिवशी मला कळलं, की वाजवत राहणं हेसुद्धा बाजू घेणं असतं.

त्यानंतर वीस हिवाळे आमचे होते. अकरा नाटकं झाली, नव्वदेक चाली झाल्या. ढाणकीपासून वणीपर्यंत लोक आम्हाला ओळखत. मला बैलगाडीत गवताची गादी मिळे आणि गोविंदांना पहिला चहा. वेचणीचं गाणं तर लग्नाच्या बँडवाल्यांनीही उचललं.

मग एक दिवस आम्ही कार्यक्रमासाठी वणीला उतरलो. एसटी स्टँडसमोर कोळशाचा ट्रक उभा होता आणि त्यातून आमचं गाणं ऐकू येत होतं. आवाज दुसऱ्याच कोणाचा होता, मागे पन्नास वाद्यं होती. गोविंदा मला काखेत धरून ट्रकजवळ गेले.

"भाऊ, हे गानं कोनाचं हाय?"

"कोनाचं काय?" ड्रायव्हर म्हणाला. "जुनंच हाय. समदेच म्हनतेत."

त्यानं कॅसेट दाखवली. गाण्यापुढे छापलं होतं: पारंपरिक. गोविंदांनी तो शब्द दोनदा वाचला. त्या दिवशी ते वाजवायला बसले, पण त्यांची बोटं थंड होती.

घरी आल्यावर वामनरावांनी कॅसेट कंपनीला पत्र लिहायला घेतलं. गाणं गोविंदांचं आहे, असं सांगणारी साक्ष हवी होती. साक्षीला बिजलीबाईहून चांगलं कोण? तिला बोलावलं. तिनं पत्र वाचून घेतलं आणि शाईची डबी बाजूला सारली.

"काहून व?" गोविंदांनी विचारलं.

"पयल्या ओळीची चाल माह्या याडीची हाय," ती म्हणाली. याडी म्हणजे आई. "सोनकीबाई तिचं नाव. मी लहान होती तवापासून ती वेचताना म्हने. तुमाले मी तवाच सांगतलं होतं, नाई आठवत?"

"ओळ एक, बाई! बाकी गानं कोन बांधलं?"

"तुमीच बांधलं. मी कुठी नाई म्हनतो? पण कॅसेटवाल्यानं तुमचं नाव खाल्लं म्हून तुमी रागावून राह्यले. माह्या याडीचं नाव तुमच्या वहीत कुठी हाय, ते सांगा. मी खोट्यावर अंगठा नाई देनार."

गोविंदांचा आवाज चढला. ते नको ते बोलले. तुला स्टेज मी दिलं, असंही बोलले. बिजलीबाई उठली, पदर सावरला आणि निघून गेली. पत्र साक्षीशिवाय गेलं. त्याला उत्तर कधी आलं नाही.

मित्रांनो, ती ओळ कुठून आली ते मला ठाऊक होतं. गोविंदांनी ती माझ्यावर चाचपडत शोधली, ती संध्याकाळ मी विसरले नव्हते. पण ते विसरले होते. खोटं बोलत नव्हते, खरोखरच विसरले होते. वीस वर्षं टाळ्या ऐकल्यावर माणसाला सगळंच आपलं वाटू लागतं.

नंतर दुसरी गाणारी आली, पण नाटकं रंगेनात. आणि तेवढ्यात काळच बदलला. कापसाला भाव राहिला नाही, बोंडअळीनं शेतंच्या शेतं पोखरली. गावोगावी शेतकऱ्यांच्या आत्महत्या होऊ लागल्या. मंडईची वर्गणी काढायला कोणी पुढे येईना. एका गावात आम्ही सामान उतरवलं आणि कळलं, की त्याच सकाळी गावात एक जण गेला होता. आम्ही सामान पुन्हा चढवलं. पुढे जिनिंगही बंद पडलं. मी पलंगाखाली गेले. दमट भिंतीशी पडून माझ्या सुरांवर गंज चढला, आणि भात्याचं एक टोक उंदरांनी कुरतडलं.

दोन हजार पाच सालच्या पावसाळ्यात गोविंदांनी मला बाहेर काढलं. स्वतःच गंज घासला, चामडं लावलं. मग त्यांनी एक विचित्र उद्योग मांडला. वेचणीच्या गाण्याला ते नवी पहिली ओळ शोधू लागले. बिजलीबाईच्या आईची ओळ काढायची, आपली घालायची, म्हणजे गाणं पुरतं आपलं. आठ दिवस ते बसले. कधी वरून सुरुवात केली, कधी खालून. जे दाबलं ते मी वाजवलं. पण गाणं काही सुरूच होईना. दार नसलेल्या घरासमोर उभं राहावं तसे ते माझ्यासमोर बसत.

त्यांची बायको तुळसाबाई तिथेच तूर निवडत असे. नवव्या दिवशी ती म्हणाली, "अवो, आता कितीक दिवस कराल? ते नाई जमत. त्या ओळीबिगर ते गानंच नोहे."

"तुले काय समजते त्यातलं?"

"वीस वर्षं आयकून राह्यली. एवढं त् समजते. जा, तिले भेटून या."

गोविंदांनी झाकण लावलं. सायकल काढली आणि तांड्यावर गेले. मी घरी होते, त्यामुळे तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. संध्याकाळी ते परतले तेव्हा तुळसाबाईनं विचारलं, "काय म्हने?"

"पयले एक घंटा बोललीच नाई," ते म्हणाले. "मंग चहा देल्ला."

त्या हिवाळ्यात जवळच्या एका गावातल्या बायांनी निरोप पाठवला. आठ वर्षांत गावात गाणं झालं नाही, एकदा या. दुपारी या, बायांना सांजचा स्वयंपाक असतो. शाळेच्या ओसरीवर सतरंजी टाकली होती. समोर साठ-सत्तर बाया होत्या. त्यांतल्या कितीतरी जणींची कपाळं मोकळी होती. वामनराव आता थकले होते. त्यांनी हळूच विचारलं, "गोविंदा, कापसाचं गानं आज कोन्या तोंडानं म्हनाचं?"

पुढे बसलेल्या रुखमाबाई नावाच्या म्हातारीनं ते ऐकलं. "तेच म्हना," ती म्हणाली. "कापूस आमीच वेचला न बाप्पा. दुसऱ्याचं गानं आयकून काय करू?"

बिजलीबाई पुढे आली. पण गोविंदांनी हात माझ्यावर ठेवले नाहीत. ते उभे राहिले.

"बायांनो, हे गानं मी माह्या नावानं वीस वर्षं वाजवलं. याची पयली ओळ माही नोहे. ते बिजलीबाईच्या मायची हाय. सोनकीबाई राठोड. ते वेचताना म्हने. मी आयकलं, घेतलं, आन् सांगतलं नाई. बाकीचं गानं म्या बांधलं, ते माहं हाय. शब्द गुरुजीचे हायेत."

गोविंदा खाली बसले, भात्यावर हात ठेवला, पण पट्ट्यांना बोट लावलं नाही. बिजलीबाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला समजलं. पहिली ओळ तिनं एकटीनं म्हटली, आईच्या बोलीत, कसल्याही साथीशिवाय. सूर वर चढला, थोडा अडला, हळूच खाली उतरला. त्या ओळीपुरती मी गप्प होते. आयुष्यात मी पुष्कळ वाजले, पण इतकं बरोबर कधी वाजले नव्हते. दुसऱ्या ओळीला गोविंदांनी काळी चारची पट्टी दाबली, आणि आम्ही सगळे मिळून निघालो. शेवटाला समोरच्या बायाही गाऊ लागल्या. काही रडत गायल्या, काही नुसत्याच गायल्या.

घरी येऊन गोविंदांनी जुनी वही काढली. 'गोविंदा ताकसांडे कृत' खोडलं नाही. त्याच्या वर सोनकीबाईचं नाव लिहिलं. त्यानंतर ते चार वर्षं जगले. बिजलीबाई अधूनमधून येई, आणि दोघं जुन्या चालींवरून भांडत. ते भांडण ऐकायला मला आवडे. कॅसेटचा जमाना संपला, पण गाणं मोबाइलवर आलं, आणि तिथेही त्याच्यापुढे 'पारंपरिक' असंच लिहिलेलं असतं.

गोविंदांची मुलगी ममता शाळेत शिकवते. मागच्या सव्वीस जानेवारीला ती मला शाळेत घेऊन गेली. तिच्या वर्गातल्या प्रेरणा नावाच्या मुलीनं माईक हातात धरला आणि ती सांगायला लागली: पहिल्या ओळीची चाल सोनकीबाई राठोड, बाकीची चाल गोविंदा ताकसांडे... मंडपातून कोणीतरी ओरडलं, "अवो बाई, आता गानं म्हना न!" प्रेरणानं माईक आणखी जवळ घेतला आणि वामनरावांचं नावही सांगितलं. त्यानंतरच ममतानं माझा भाता उघडला.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी पेटी असेल तर तिला दमट भिंतीशी ठेवू नका. महिन्यातून एकदा तरी तिचा भाता हलवा, नाहीतर सुरांना गंज चढतो. आणि गाणं म्हणण्याआधी ते कोणाचं आहे तेवढं सांगा. लोकांना घाई असेल, ते ओरडतील. तरी नावं पूर्ण होऊ द्या. तेवढ्या वेळात गाणं कुठं पळून जात नाही.